अपयशी ठरायलाही सामने लागतात

२०१४ ते २०१६ या तीन हंगामांत मुंबई सिटी एफसीकडून तीन मोठे स्ट्रायकर खेळून गेले: निकोलस अनेल्का, सुनील छेत्री आणि दिएगो फोर्लान. तिघांवरही भरपूर लिहून झालंय. पण तिघांमधली एक समान गोष्ट सहसा कुणी मांडत नाही. मुंबईत येण्याआधी तिघंही युरोपातल्या एकेका बड्या क्लबात गेले होते आणि तिथून निराश होऊन बाहेर पडले होते. अनेल्का रिआल माद्रिदमधून, फोर्लान मँचेस्टर युनायटेडमधून आणि छेत्री पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमधून.

फोनवर 'सर्वात मोठे फ्लॉप स्ट्रायकर' छापाची रील आली की त्यात पहिल्या दोघांपैकी एकजण तरी सापडतोच. छेत्री कधीच नसतो. आपण भारतीय प्रेक्षक यावर खूश असतो, की बघा, आपल्या माणसाला कुणी फ्लॉप म्हणत नाही. मला मात्र वाटतं की आपल्या फुटबॉलचं खरं दुखणं नेमकं तिथेच आहे. कसं, ते सांगायला या तिन्ही गोष्टी नीट उलगडाव्या लागतील.

माद्रिदचा महागडा मुलगा

अनेल्का पॅरिसजवळच्या त्राप नावाच्या उपनगरात वाढला. आर्सेनलनं त्याला १९९७ मध्ये पाच लाख पौंडांना घेतलं. १९९८ मध्ये आर्सेनलनं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, आणि कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलविरुद्ध यानं गोल केला. पुढच्या हंगामात लीगमध्ये १७ गोल. १९९९ च्या उन्हाळ्यात रिआल माद्रिदनं त्याच्यासाठी सुमारे २ कोटी २० लाख पौंड मोजले. मुलाचं वय होतं २० वर्षं.

माद्रिदमध्ये काय झालं? लीगमध्ये वर्षभरात फक्त २ गोल. ड्रेसिंग रूममध्ये त्याचं कुणाशी जमेना. पत्रकार रोज घराबाहेर. मार्च २००० मध्ये त्यानं सरावाला यायला नकार दिला आणि क्लबनं त्याला ४५ दिवसांसाठी निलंबित केलं. वर्ष संपताच त्याला पॅरिस सेंट जर्मेंला विकून टाकलं. रीलमध्ये एवढंच येतं: इतके कोटी, इतके गोल, आणि मागे रडक्या ट्रॉम्बोनचा आवाज.

रीलमध्ये न येणारा भाग असा. निलंबन संपवून अनेल्का परत आला. त्याच मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत माद्रिदसमोर बायर्न म्युनिक होतं. पहिला सामना माद्रिदनं २-० जिंकला, त्यातला एक गोल अनेल्काचा. दुसरा सामना म्युनिकमध्ये २-१ असा हरला, पण माद्रिदचा तो एकमेव गोलही अनेल्काचाच. दोन्ही मिळून ३-२. २४ मे २००० ला पॅरिसजवळ, म्हणजे त्याच्या घराच्या अंगणातच, अंतिम सामना झाला. व्हॅलेन्सियाला ३-० हरवून माद्रिदनं कप उचलला. त्या वर्षी माद्रिद स्पेनच्या लीगमध्ये पाचवं आलं होतं. कप जिंकला नसता, तर पुढच्या वर्षी या स्पर्धेत त्यांना जागाच मिळाली नसती.

मग हे वर्ष फ्लॉप म्हणायचं का? किमतीच्या मानानं, हो. वागणुकीच्या मानानंही हो. सरावाला न जाणं याचं समर्थन होत नाही. पण स्ट्रायकरचा हिशोब आपण भाजीच्या हिशोबासारखा करतो, पैसे भागिले गोल. त्या भागाकारात लीगच्या सामन्यातला चौथा गोल आणि उपांत्य सामन्यातला एकुलता एक गोल यांचं वजन सारखंच धरलं जातं. स्ट्रायकरबद्दलची आपली बहुतेक टीका इथेच फसते. ती गोल मोजते, पण तो कधी झाला हे बघत नाही.

सत्तावीस सामने

फोर्लानची गोष्ट वेगळी आहे आणि मला त्याच्यावर जास्त बोलायचंय.

उरुग्वेचा हा मुलगा अर्जेंटिनातल्या इंदिपेंदिएन्ते क्लबात खेळत होता. जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला आणलं. पहिला गोल झाला सप्टेंबरमध्ये, इस्रायलच्या मकाबी हैफा संघाविरुद्ध, तोही पेनल्टीवर. मध्ये आठ महिने गेले आणि २७ सामने. म्हणजे रूड व्हॅन निस्टलरॉय, स्कोल्स, गिग्ज, बेकहॅम असे लोक सोबत असताना एक स्ट्रायकर सत्तावीस सामन्यांत एकही गोल करू शकला नव्हता. प्रतिस्पर्धी संघांचे चाहते त्याच्या नावानं गाणी म्हणून चिडवायचे.

पण युनायटेडचे चाहते त्याच्यावर उलटले नाहीत, आणि कोच ॲलेक्स फर्ग्युसन त्याला खेळवत राहिले. बेंचवरून वीस मिनिटं, कधी तीस. डिसेंबर २००२ मध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर गोलकीपर येर्झी दुदेकच्या हातून बॉल निसटला आणि फोर्लाननं गोल मारला. काही मिनिटांत दुसराही. युनायटेड २-१ जिंकलं. जानेवारीत चेल्सीविरुद्ध शेवटच्या क्षणी विजयी गोल. त्या वर्षी लीगचं विजेतेपद युनायटेडला मिळालं.

तरीही तो तिथे रुजला नाही. एकूण ९८ सामने, १७ गोल. शेवटाची एक गोष्ट त्यानं स्वतःच मुलाखतींमधून सांगितली आहे. ओल्या मैदानावर लांब खिळ्यांचे बूट घाल, असा फर्ग्युसनचा आग्रह होता. यानं हो म्हटलं आणि गुपचूप आपले आखूड खिळ्यांचे घातले. चेल्सीविरुद्ध ऐन गोलसमोर पाय घसरला. त्यानंतर काही त्याला त्या संघात जागा उरली नाही. २००४ मध्ये तो स्पेनला, व्हिलारिआलला गेला.

तिथे पहिल्याच हंगामात २५ गोल, आणि स्पेनमध्ये सर्वाधिक गोलांचा मान. नंतर ॲटलेटिको माद्रिदकडून २००८-०९ मध्ये ३२ गोल, पुन्हा तोच मान. २०१० च्या विश्वचषकात स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. (त्याच विश्वचषकात कोचशी झालेल्या भांडणावरून अनेल्काला फ्रान्सनं घरी पाठवलं होतं. सहाच वर्षांत ही दोन्ही नावं मुंबईच्या क्लबच्या इतिहासात शेजारी शेजारी येणार होती.)

फोर्लानबद्दल नेहमी म्हटलं जातं की बघा, युनायटेडला त्याची किंमत कळली नाही. मला हे पटत नाही. युनायटेडनं त्याला कुठल्याही स्ट्रायकरला मिळणारी सगळ्यात महागडी गोष्ट दिली: गोल न करता खेळत राहण्याची मुभा. त्या ९८ सामन्यांत तो काय शिकला, याचा हिशोब व्हिलारिआलच्या पहिल्या वर्षात दिसतो. २२ वर्षांचा पोरगा जगातल्या सर्वात कठीण मैदानांवर चुकत राहिला, चुकीच्या वेळी धावला, चुकीचे बूट घातले, आणि मग २५ व्या वर्षी त्याच्या हातून नेमकं घडायला लागलं. ती दोन-अडीच वर्षं म्हणजे त्याचं शिक्षण होतं. फक्त फी मँचेस्टरनं भरली आणि पदवी स्पेनमध्ये मिळाली.

नेरूळचं मैदान

आता आपल्याकडे येऊ. मुंबई सिटीचे पहिल्या दोन हंगामांतले घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर व्हायचे. पनवेलहून हार्बरची गाडी पकडली की खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि मग नेरूळ. अर्ध्या तासाच्या आत. आमच्यासारख्यांसाठी ही मोठीच गोष्ट होती. तोवर 'मुंबईचा फुटबॉल' म्हणजे कूपरेज. इथून दीड-दोन तास लांबचं, आणि आमचं कधीच नसलेलं. आता प्रीमियर लीगमध्ये २००८-०९ साली सर्वाधिक १९ गोल करणारा माणूस सीवूड्सच्या पुढच्या स्टेशनावर खेळणार होता.

अनेल्का खेळला. दोन हंगामांत मिळून १३ सामने, २ गोल. २०१४ मध्ये आठ संघांत मुंबई सातवी आली. २०१५ मध्ये तो खेळाडू आणि कोच दोन्ही होता, मुंबई सहावी. त्या हंगामात १७ नोव्हेंबरला गोव्यात फातोर्डा मैदानावर एफसी गोवानं मुंबईला ७-० असं धुतलं.

मी त्याला मैदानावर पाहिलं तेव्हा जाणवलं ते हे: बॉक्समध्ये थांबून बॉलची वाट बघण्यापेक्षा खाली येऊन स्वतः बॉल घेणं ही त्याची जुनी सवय. चेल्सीत तो खाली आला की मागून लॅम्पार्ड रिकाम्या जागेत धावायचा. इथे तो खाली यायचा आणि पुढे कुणीच नसायचं. प्रेक्षक वैतागायचे, 'पुढे जा ना!' पण तो त्याच्या परीनं बरोबरच खेळत होता. बाकीच्या दहा जणांशी त्याची ओळख जेमतेम दोन महिन्यांची. २०१४ चा अख्खा हंगाम १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपलासुद्धा. एवढ्या वेळात पनवेल एसटी स्टँडवरच्या कंडक्टरशीही धड ओळख होत नाही.

तेव्हा मुंबईतल्या अनेल्काला फ्लॉप म्हणणं मला अर्धवट वाटतं. क्लबनं गोल विकत घेतलेच नव्हते. नाव विकत घेतलं होतं, आणि नावानं आपलं काम केलं. मी स्वतः त्याच नावासाठी तिकीट काढलं होतं. फोर्लान २०१६ मध्ये आला तेव्हा क्लब अंधेरीच्या मैदानावर गेला होता. कोच अलेक्झांद्रे गिमारायश यांनी संघाची घडी बसवली होती. फोर्लाननं ५ गोल केले, त्यात केरला ब्लास्टर्सविरुद्धची हॅट्‌ट्रिक, आणि मुंबई साखळीत पहिली आली. वयाच्या सदतिशीत त्याला जे जमलं ते अनेल्काला पस्तिशीत जमलं नाही. यामागे दोघांच्या पायांतल्या फरकापेक्षा आजूबाजूच्या संघांतला फरक मोठा होता.

ज्याला कुणी फ्लॉप म्हटलं नाही

आता तिसरा. सुनील छेत्रीनं भारताबाहेर तीन दारं ठोठावली. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार झाला, पण फिफा क्रमवारीत भारत फार खाली म्हणून ब्रिटननं वर्क परमिट नाकारलं. २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी विझर्ड्स. तिथल्या मुख्य लीगमध्ये एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. २०१२ मध्ये स्पोर्टिंग, म्हणजे ज्या क्लबातून रोनाल्डो घडला तो क्लब. तिथे तो पहिल्या संघात गेलाच नाही. 'बी' संघाकडून ३ सामने खेळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे लोनवर परतला आणि त्याच हंगामात चर्चिलनं आय-लीग जिंकली.

फोर्लानला गोल न करता २७ सामने मिळाले. छेत्रीला स्पोर्टिंगमध्ये एकूण तीन, तेही दुसऱ्या फळीत. मग त्याला फ्लॉप तरी कसं म्हणणार? पेपरच दिला नाही, तर नापास कसा होणार?

हे फक्त युरोपनं केलं असतं तर आपण नाराज होऊन गप्प बसलो असतो. पण घरी तरी काय वेगळं? आयएसएलच्या पहिल्या हंगामात अकरापैकी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. संख्या कमी झाली, पण त्या चारांतला एक बहुतेक क्लबांनी कुठे लावला? नऊ नंबरवर. २०१४ च्या एलानोपासून २०२४-२५ च्या अलादीन अजाराईपर्यंत आयएसएलचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. त्यातल्या त्यात जवळ पोचतो तो पुन्हा छेत्रीच. २०१५ मध्ये मुंबईनं त्याच्यावर १ कोटी २० लाखांची बोली लावली. कोच होता अनेल्का. त्यानं छेत्रीला पुढे ठेवलं आणि छेत्रीनं ७ गोल केले, त्यात आयएसएलमधली भारतीयाची पहिली हॅट्‌ट्रिक. ती झाली नेरूळलाच, नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध.

बाकीचे भारतीय फॉरवर्ड बाजूला सरकत गेले, अगदी शब्दशः. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या आक्रमणात होता. पुढे आयएसएलमध्ये त्याची ओळख झाली ती विंगर म्हणून. विंगर असणं कमीपणाचं नाही. पण देशभरातले गोल मारणारे पोरगे वीस-एकविसाव्या वर्षी कडेला पाठवले जात असतील, तर मध्ये उभं राहणार कोण?

यावर क्लबांचं म्हणणंही ऐकायला हवं. क्लब काही धर्मादाय संस्था नाही. सुरुवातीच्या १४ सामन्यांच्या हंगामांत दोन सामने हरले की कोचची नोकरी धोक्यात यायची. शिवाय परदेशी स्ट्रायकरांमुळे भारतीय बचावपटू सुधारले, हेही खरं. दर आठवड्याला कोरो किंवा ओगबेचेला अडवायचं म्हणजे चांगलीच शाळा. सगळं मान्य. पण बचावपटू शिकले ते खेळून, मार खाऊन, गोल खाऊन. ती शाळा स्ट्रायकरसाठी कुठे आहे? फोर्लानच्या गोल नसलेल्या २७ सामन्यांची मालिका २०१४ च्या आयएसएलमध्ये जवळजवळ दोन पूर्ण हंगाम चालली असती. कुठला क्लब भारतीय पोराला दोन हंगाम गोलशिवाय खेळवेल?

एक होता. इंडियन ॲरोज. फेडरेशननं २०१० मध्ये सुरू केलेला तरुणांचा संघ. २०१३ मध्ये बंद, २०१७ मध्ये पुन्हा सुरू. परदेशी खेळाडू एकही नाही, त्यामुळे नऊ नंबर भारतीयच. हा संघ बहुतेकदा गुणतालिकेच्या तळाशी असायचा आणि लोक हसायचे. पण जेजे लालपेखलुआ त्यातूनच वर आला, आणि छेत्रीनंतर देशानं ज्याच्याकडे गोलांसाठी पाहिलं तो जेजेच. हरण्याची परवानगी असलेला देशातला हा एकमेव मोठा संघ २०२२ मध्ये कायमचा बंद झाला.

परिणाम समोर आहे. ६ जून २०२४ ला छेत्री ९४ गोलांवर आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्यानं ९५ वा गोल केला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, स्टेटस ठेवले. एवढ्या मोठ्या देशाला चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावं लागलं, ही खरं तर टाळ्या वाजवायची गोष्ट नव्हती.

'मागे जा'

हे सगळं फार वर, फेडरेशन आणि क्लबांच्या पातळीवर चालतं असं समजायचं कारण नाही. नवीन पनवेल, कामोठे, खारघर इथल्या कुठल्याही टर्फवर संध्याकाळी जाऊन बघा. पुढे उभ्या पोरानं समोरचा चान्स घालवला की पहिली हाक येते, 'मागे जा!' दुसरा घालवला की त्याची जागाच जाते. माझा एक चुलतभाऊ शाळेच्या संघात स्ट्रायकर म्हणून निवडला गेला आणि दोन सामन्यांनंतर लेफ्ट बॅक झाला. आता तो चांगला लेफ्ट बॅक आहे. पण तो स्ट्रायकर म्हणून कसा निघाला असता, हे कुणालाच कधी कळणार नाही. त्यालाही नाही.

स्ट्रायकर ही जागाच अशी आहे की तिथली चूक सगळ्यांना दिसते. मिडफिल्डरचे दहा पास चुकले तरी घरी जाताना कुणाच्या लक्षात राहत नाही. स्ट्रायकरचा एक शॉट बारवरून गेला की त्याची क्लिप बनते. म्हणून या जागेला सगळ्यात जास्त धीर लागतो, आणि नेमका तिथेच आपण सगळ्यात कमी देतो: क्लबात, शाळेत, टर्फवर आणि कमेंटमध्येही.

त्यामुळे फ्लॉपच्या याद्या मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. त्या यादीत येण्यासाठी आधी कुणीतरी तुमच्यावर पैसे लावावे लागतात, मग तुम्हाला उतरवावं लागतं, गोल झाला नाही तरी पुढच्या शनिवारी पुन्हा उतरवावं लागतं. अनेल्काला ते मिळालं, फोर्लानला मिळालं. मला त्या यादीत एकदा भारतीय नाव वाचायचंय. एखाद्या आयएसएल क्लबनं नऊ नंबरवर पूर्ण हंगाम खेळवलेला, पंचवीस सामन्यांत चारच गोल केलेला, सगळ्यांनी शिव्या घातलेला बावीस वर्षांचा पोरगा. त्याच्या पुढच्या हंगामाची मी वाट बघेन.